धान्य आणि छप्पर दिले की पुरे? निर्वासितांच्या मदतीविषयी फिरणाऱ्या एका दाव्याचा प्रतिवाद

गेल्या काही आठवड्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या व्हॉट्सॲप समूहांवर वाचायला मिळाला. एकदा सोसायटीच्या समूहावर, एकदा शाळेतल्या मैत्रिणींच्या, एकदा नात्यातल्या, आणि चौथ्यांदा तर ज्यांच्याबरोबर मी पूरग्रस्तांसाठी दारोदार फिरून भांडी आणि चादरी गोळा केल्या होत्या त्यांच्याच समूहावर. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे की, निर्वासितांना धान्य, छप्पर आणि औषधपाणी मिळाले की माणुसकीचे कर्तव्य पूर्ण होते. त्यापुढचे ‘केसवर्क’, ‘संरक्षण’, ‘मनोसामाजिक आधार’ हे परदेशी पैशांवर पोसलेले थोतांड आहे. पुष्ट्यर्थ सहा गोष्टी दिल्या आहेत. फाळणीत आणि पानशेतच्या पुरात आपल्या माणसांना कोणी समुपदेशक दिला नव्हता, तरी ती उभी राहिली. दुःख उकरून काढले की ते वाढतेच. हे लोक सांगतात त्या कहाण्या बनावट असतात, नाहीतर सगळ्यांची जन्मतारीख १ जानेवारी कशी असेल? भारतात निर्वासितांसाठी कायदाच नाही, मग या कामाला आधार कसला? संस्था नावे लपवतात, म्हणजे काहीतरी काळेबेरे आहे. आणि शेवटी, आधी आपल्या माणसांचे बघा.

चौथ्या समूहामुळे मी हे लिहायला बसले. ती माणसे निष्ठुर नाहीत. मदतीला धावून जाणारी आहेत. त्यांना हा मजकूर पटला असेल तर त्याचे कारण एवढेच की, आम्ही या कामातली माणसे नेमके काय करतो हे आम्ही त्यांना कधी नीट सांगितलेले नाही. मी पुण्यात चौदा वर्षे हे काम करते आहे, आणि ही चूक माझीही आहे.

आधी शब्दांचा घोळ सोडवते. पुण्यात ‘संरक्षण’ म्हटले की खडकीचा दारूगोळा कारखाना आणि खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, डोळ्यांसमोर येते. आमच्या कामातला या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. घरदार सोडावे लागलेल्या माणसाला मारहाण, लैंगिक अत्याचार, फसवणूक, कुटुंबाची ताटातूट, विनाकारण अटक किंवा धोक्याच्या ठिकाणी परत पाठवले जाणे यांपासून वाचवणे, आणि जे हक्क त्याला आहेत ते त्याच्या हाती पडतील असे पाहणे, म्हणजे संरक्षण. केसवर्क ही त्याची रीत: माणसाला भेटणे, त्याच्या संमतीने माहिती घेणे, धोका कुठे आणि किती तातडीचा आहे ते ठरवणे, त्याच्याबरोबर बसून पुढची पावले आखणे, ती पडतात की नाही याचा पाठपुरावा करणे, आणि गरज संपली की केस बंद करणे. आणि मनोसामाजिक आधार म्हणजे माणसाच्या मनाला आणि त्याच्या भोवतालच्या नात्यांना पुन्हा उभे राहायला दिलेला हात. यात गूढ काही नाही.

हे कोरडे वाटेल, म्हणून एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये यासाठी तपशील बदलले आहेत. युद्ध पेटलेल्या एका देशातले कुटुंब कोंढव्याच्या बाजूला एका फ्लॅटमध्ये राहत होते. नवरा इथे शिकायला आलेला, शिक्षण संपले तेव्हा परत जायला देश शांत राहिला नव्हता. दात्यांनी पीठ, तांदूळ, तेल दिले होते. डोक्यावर छप्पर होते. म्हणजे मजकुराच्या हिशेबाने सारे मिळाले होते. तरीही बायको दिवसेंदिवस वाळत चालली होती. मी तिला घेऊन एका दवाखान्यात गेले, तेव्हा रक्त फारच कमी असल्याचे निघाले. डॉक्टरांनी विचारले, जेवण नीट होते का? दुभाषी म्हणून सोबत होती तिची अकरा वर्षांची मुलगी, कारण शाळेत हिंदी शिकलेली तीच. आई खाली बघत बराच वेळ बोलली, चार-पाच वाक्ये तरी असतील. मुलीने ऐकून घेतले, फ्रॉकचा काठ बोटाभोवती गुंडाळला आणि म्हणाली, ‘‘ती म्हणते, सगळे ठीक आहे.’’

चार-पाच वाक्यांचे एक वाक्य झाले होते. दोन दिवसांनी मी त्यांची भाषा जाणणाऱ्या एका प्रौढ बाईला फोनवर घेतले, मुलीला बाहेर खेळायला पाठवले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. फ्लॅटमध्ये भाडे वाटून घेणारे आणखी तीन पुरुष होते. ते घरी असले की ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे, कारण त्यांतल्या एकाची तिला भीती वाटत होती. तो मुलीला गेम खेळायला मोबाइल देत असे, जवळ बसवून घेत असे. मुलीला हे सारे कळत होते. खोली गेली तर जायचे कुठे, हेही तिला कळत होते. म्हणून ती गप्प राहिली.

पिठाची पिशवी त्या घरात पोचली होती, पण त्या बाईच्या पोटापर्यंत पोचली नव्हती. पुढच्या सहा आठवड्यांत आम्ही दुसरी खोली शोधली, घरमालकाला परदेशी भाडेकरूची नोंद पोलिसांकडे ऑनलाइन कशी करायची ते शेजारी बसून दाखवले, नवा पत्ता परदेशी नागरिक नोंदणीत बदलून घेतला, मुलीशी एका जाणत्या समुपदेशक ताईंची गाठ घालून दिली, आणि रक्तवाढीच्या गोळ्या ती घेते आहे का हे दर आठवड्याला विचारत राहिलो. मजकूर ज्याला थोतांड म्हणतो ते हे आहे.

आता पानशेत. हा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. माझी आजी तेव्हा शनिवार पेठेत राहत होती. ती उभी राहिली हे अगदी खरे. तिने पुढे तीन मुलांची शिक्षणे केली, लग्ने केली. पण मृग लागला की तिची एक पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली यायची. त्यात घराची कागदपत्रे, दोन पातळे, एक तांब्या आणि मेणकापडात गुंडाळलेले रेशनकार्ड असायचे. ती पेटी दिवाळीपर्यंत दाराजवळ राहायची. रात्री जोराचा पाऊस लागला की आजी उठून बसायची आणि आम्हा मुलांच्या पायांना हात लावून मोजायची. आम्ही त्याला ‘आजीची सवय’ म्हणायचो. तिला एवढ्या वर्षांत कोणी एकदाही विचारले नाही की, आई, तुम्हाला झोप का लागत नाही? ‘आमच्या आज्या काही न घेता उभ्या राहिल्या’ असे म्हणताना त्या किती किंमत मोजून उभ्या राहिल्या, हे आपण बघितलेलेच नाही.

शिवाय, काही न मिळता त्या उभ्या राहिल्या हेही खरे नाही. पूरग्रस्तांना शहराने जवळ केले. आधी शाळा, देवळे आणि ओळखीपाळखीची घरे, मग तात्पुरत्या छपऱ्या, आणि पुढे गोखलेनगर, सहकारनगरसारख्या भागांत वसाहती. शेजारपाजार पुष्कळदा एकत्र हलला, मुलांच्या शाळा सुरू झाल्या, माणसे कामावर परतली, आणि गणपतीही बसले. हे सगळे मनोसामाजिक आधारातच मोडते, त्या काळी कोणी त्याला ते नाव दिले नव्हते एवढेच. आणि कागदाचे काम मागे राहिले की काय होते, तेही याच वसाहतींनी दाखवले आहे: पूरग्रस्तांच्या गृहनिर्माण संस्थांच्या जागांचा मालकी हक्काचा प्रश्न त्यांच्या नातवंडांच्या पिढीपर्यंत रेंगाळला.

फाळणीनंतर पिंपरीत वसलेल्या सिंधी कुटुंबांची गोष्ट फार वेगळी नाही. त्याहूनही बोलके उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे आहे. दुसऱ्या महायुद्धात सायबेरियाच्या बाजूने सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिले. त्यांना बराकी आणि शिधा मिळालाच, पण त्या छावणीत शाळा होत्या, चर्च होते, स्काउटची पथके होती, नाटके व्हायची. त्यांतली माणसे म्हातारपणी युरोपातून वळिवडे पाहायला परत येत राहिली, ती केवळ शिध्याच्या आठवणीने येत होती असे मला वाटत नाही. तेव्हा ‘परदेशी थेर’ म्हणून जे हिणवले जाते त्याचा एक चांगला नमुना याच मातीत, ऐंशी वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

मनोसामाजिक आधार म्हणजे प्रत्येकाला आरामखुर्चीत झोपवून भूतकाळ विचारणे, हा समज या मजकुराच्या मुळाशी आहे. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मोठ्या मदतसंस्थांच्या संयुक्त समितीने आणीबाणीतल्या या कामासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती समजून घ्यायला आपल्याकडची मडक्यांची उतरंड पुरेशी आहे. सर्वांत खालचे, सर्वांत मोठे मडके म्हणजे सुरक्षितता आणि मूलभूत सेवा, पण माणसाचा मान राखून दिलेल्या. त्यावर कुटुंब आणि समाज यांचा आधार: ताटातूट झालेल्यांचा शोध, मुलांची शाळा, मयताचे विधी करता येणे, एकत्र बसायला जागा. त्यावर थोड्या माणसांसाठी प्रशिक्षित कार्यकर्त्याची नेमकी मदत. आणि सर्वांत वरचे, सर्वांत लहान मडके म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. खालचे मडके काढून वरचे ठेवता येत नाही, हे मजकूर लिहिणाऱ्याला मान्य असेल. पण खालचे एकच मडके मांडून त्याला उतरंड म्हणता येत नाही, हेही त्याने मान्य करावे.

किती जणांना वरच्या मडक्यांची गरज पडते? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मांडलेल्या अंदाजानुसार युद्ध आणि हिंसाचाराची झळ बसलेल्या भागांत सुमारे २२ टक्के लोकांना कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराचा त्रास असतो, आणि तीव्र आजार असलेले साधारण ५ टक्के. म्हणजे पाचातल्या जवळजवळ चौघांना आजार नसतो. ते दुःखी असतात, घाबरलेले असतात, आणि त्यांचे दुःख परिस्थितीला साजेसेच असते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेले तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांपैकी जे मला भेटले त्यांना रात्र रात्र झोप नव्हती. त्यांना झोपेच्या गोळ्या देणे सोपे होते. खरी काळजी होती ती व्हिसाची मुदत, बंद पडत चाललेली शिष्यवृत्ती आणि घरचा न लागणारा फोन यांची. व्हिसाच्या मुदतवाढीचा अर्ज नीट भरला गेला त्या रात्री त्यांतला एक जण सलग आठ तास झोपला.

दुःख उकरून काढल्याने ते वाढते, या मुद्द्यात मात्र तथ्य आहे आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. संकटानंतर लगेच माणसाला बसवून, घडले ते सारे एका बैठकीत बोलून टाकायला लावण्याची एक पद्धत विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जगभर रूढ झाली होती. अभ्यासांती असे दिसले की तिने पुढचा आजार टळत नाही, आणि काहींना अपायही होऊ शकतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आता तिची शिफारस करत नाही. २०११ साली तिने आणि तिच्या सहकारी संस्थांनी काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेचे सार तीन शब्दांत सांगता येते: पाहा, ऐका, जोडून द्या. त्यात ‘खोदा’ हा शब्द नाही. माणूस स्वतःहून बोलला तर ऐकायचे, गप्प राहिला तर शेजारी बसायचे.

खोदून विचारणे होते, पण ते आमच्याकडून नाही. रुग्णालयाच्या केसपेपरवर एकदा, पोलीस ठाण्यात एकदा, वकिलाकडे एकदा, बातमीदारापुढे एकदा आणि कपडे वाटायला आलेल्या मंडळींपुढे आणखी एकदा, अशी त्या माणसाला आपली कहाणी पाच वेळा सांगावी लागते. केसवर्कर असला की ती एकदा नीट, त्याच्या संमतीने लिहून घेतली जाते, आणि पुढे ज्याला जेवढे कळणे आवश्यक आहे तेवढेच कळवले जाते. जखम पुन्हा पुन्हा उघडी पडू नये यासाठीच ती फाइल असते.

१ जानेवारीचा मुद्दा वाचून मला खरोखर वाईट वाटले, कारण तो महाराष्ट्रातल्या माणसाने मांडला आहे. आपल्या घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसांची आधारकार्डे काढून बघा, कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून निघेल. शाळेत नाव घालायला नेले तेव्हा आईला तिथी आठवत होती, पिठोरी अमावस्येच्या आसपास एवढे आठवत होते, पण इंग्रजी तारीख नव्हती. मग गुरुजींनी वयाच्या हिशेबात बसेल अशी जूनची पहिली तारीख टाकली. त्या माणसांना कोणी बनावट म्हणत नाही. अफगाणिस्तानातल्या माणसाचे वर्ष नौरोजला, २१ मार्चच्या सुमारास सुरू होते. त्याच्या कागदावर १३७० एवढेच साल असेल तर ते १९९१ च्या मार्चपासून १९९२ च्या मार्चपर्यंत पसरलेले असते. नोंद करणाऱ्या कारकुनाला संगणकाच्या रकान्यात दिवस आणि महिना भरावाच लागतो, आणि तो १ जानेवारी भरतो.

कहाण्यांतल्या विसंगतीचेही असेच आहे. २००२ साली ब्रिटनमध्ये कोसोवो आणि बोस्नियातून आलेल्या निर्वासितांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती, म्हणजे खोटे बोलून काही मिळवायचे नव्हते. त्यांच्या आयुष्यातल्या एकाच प्रसंगाविषयी काही काळाच्या अंतराने दोनदा विचारले, तेव्हा दोन्ही वेळच्या तपशिलांत फरक पडलाच. मुख्य घटनेपेक्षा कडेच्या गोष्टींत अधिक पडला, आणि ज्यांना आघातोत्तर तणावाचा त्रास जास्त होता त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधले अंतर वाढले तसा तो वाढत गेला. खोटे बोलणारी माणसे असतात, निर्वासितांतही असतात. ती ओळखायची तर शांतपणे, योग्य दुभाषी घेऊन, कागद आणि काळ यांची सांगड घालून तपासावे लागते, आणि ती तपासणी केसवर्कशिवाय होऊच शकत नाही. ज्याला खोट्याची चीड आहे त्याने हे काम अधिक नीट व्हावे अशी मागणी करायला हवी.

कायद्याबद्दल मजकुराचे पहिले अर्धे वाक्य बरोबर आहे. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली, त्यातही तशी स्वतंत्र तरतूद नाही. पण त्यावरून ‘आधारच नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद १९ नागरिकांविषयी बोलतो; अनुच्छेद १४ आणि २१ मात्र ‘व्यक्ती’विषयी बोलतात. पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचल प्रदेशात वसलेल्या चकमा लोकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की, माणूस नागरिक असो वा नसो, त्याच्या जिवाचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, मानवी तस्करीचे बळी, वांशिक हिंसाचाराचे आणि पूर-भूकंपांचे बळी यांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, आणि तिथवर माणसाला घेऊन जाणे हेच आमच्या कामाचे एक मोठे अंग आहे.

जन्मदाखल्याचेच घ्या. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार भारतात झालेल्या प्रत्येक जन्माची नोंद व्हायला हवी, आईबाप कुठल्याही देशाचे असोत. या दाखल्याने मूल भारतीय नागरिक होत नाही. तो हे मूल अमुक दिवशी अमुक ठिकाणी, अमुक आईच्या पोटी जन्मले एवढेच सांगतो. पण तेवढे सांगणारा कागद नसेल तर ते मूल उद्या कुठल्याच देशाला आपले म्हणून दाखवता येत नाही. मला असे आईबाप भेटले आहेत, ज्यांना वाटत होते की महापालिकेत नोंदीला गेलो तर पकडतील. कोणीतरी बरोबर चालत गेले, एवढ्यावर काम झाले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या दिल्ली कार्यालयाकडे नोंदणी करायची असते तेव्हाही हेच: झेलम एक्स्प्रेसचे तिकीट, सोबत न्यायच्या कागदांची यादी, मुलाखतीत काय विचारतील याची कल्पना, आणि परत आल्यावर विचारपूस.

हे काम माणसांना कायद्यापासून लपवण्याचे नाही, हेही इथेच सांगायला हवे. व्हिसा संपलेला माणूस जितका लपतो तितका तो दलालाच्या, घरमालकाच्या आणि मजुरी बुडवणाऱ्याच्या तावडीत सापडतो. आमचा बहुतेक वेळ त्याला उजेडात आणून त्याचे कागद सरळ करण्यात जातो.

नावे का लपवतात? कारण नाव बाहेर पडले तर गावाकडे राहिलेल्या भावाला उचलून नेले जाऊ शकते. नवऱ्याच्या मारहाणीतून पळालेल्या बाईचा पत्ता त्याच्या मित्रापर्यंत पोचू शकतो. काही वर्षांपूर्वी धान्यवाटपाचा एक फोटो हौसेने पुढे पाठवला गेला. त्यात मागच्या रांगेत उभी असलेली एक मुलगी कोणाला तरी ओळखू आली, आणि तिला पंधरा दिवसांत मैत्रिणी, कॉलेज, खोली सगळे सोडून दुसऱ्या शहरात जावे लागले. फोटो काढणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. तेव्हापासून आमच्या फाइलींवर नावाऐवजी क्रमांक असतो, नावांची वही वेगळ्या कपाटात असते, आणि त्याची किल्ली दोघींकडेच असते. पैशांचा हिशेब जरूर मागा. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद दाखवणे हे प्रत्येक नोंदणीकृत संस्थेचे कर्तव्य आहे. माणसांची नावे मात्र हिशेबात येत नाहीत.

हे सगळे तज्ज्ञांचे महागडे काम आहे, अशी एक ओळही मजकुरात जाता जाता टाकली आहे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. सहा ते आठ भेटींच्या त्या पद्धतीने तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले, नेहमीच्या उपचारांनी ३९ टक्के. पेशावरसारख्या हिंसाचाराने पोळलेल्या शहरातही अशाच साध्या कार्यकर्त्यांनी दिलेल्या पाच बैठकींचा उपयोग होतो, हे २०१६ साली दिसून आले आहे. आमच्याकडे सर्वांत मोठी टंचाई आहे ती दुभाष्यांची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर भारतीय भाषांत कोणीही बोलू शकतो. दरी ही अफगाणिस्तानातली भाषा किंवा अरबी बोलणारी बाई बोलू शकत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, आधी आपल्या माणसांचे बघा. मुळशीच्या धरणापासून कोयनेपर्यंत आपल्याच माणसांना आपण कसे उठवले हे ठाऊक असलेल्या कोणालाही हा मुद्दा हलका वाटणार नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेच्या वर माणसे गेली. नव्या गावात पक्की घरे उभी राहिली ती २०१७ साली. मधल्या तीन वर्षांत, आईबाप दोन्ही गेलेल्या मुलाचा ताबा कोणाकडे, भरपाई कोणाच्या नावे, जमिनीचा वारस कोण, हे प्रश्न घराच्या भिंतींनी सुटणारे नव्हते. परक्यांसाठी केलेले केसवर्क आपल्यांच्या तोंडचे काढून घेत नाही. एकच कसब दोन्हीकडे लागते.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, त्यानंतर मी सहकारनगरच्या बाजूला एका शाळेच्या वर्गात पूरग्रस्तांची माहिती लिहून घेत होते. पानशेतनंतर ज्या भागात माणसे आणून वसवली, त्याच भागातून हा ओढा जातो. आमच्या हातात निर्वासितांसाठी वापरतो तोच फॉर्म होता, फक्त देश आणि व्हिसाचे रकाने खोडलेले. चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई पुढे आली. शिधा मिळाला होता, सतरंजी मिळाली होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘घर कोणाच्या नावावर आहे, आणि तो माणूस तुमच्याबरोबर राहतो का?’’ ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर होते, आणि नवरा सहा वर्षांपूर्वी निघून गेला होता. मदतीच्या यादीत कुटुंबप्रमुख म्हणून त्याचेच नाव लागले होते, खातेही त्याचेच. तीन हेलपाटे झाले, शेजारच्या दोघींचे जबाब झाले, आणि पंचनाम्यावर तिचे नाव आले. तिला वाचता येत नव्हते. तिने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, आपले नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितले, आणि घडी करून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवला.